भीतीचा बाजार आणि काडतुसांचा दुष्काळ

जगात सर्वाधिक बंदुका ज्या देशातील नागरिकांच्या घरात आहेत, त्याच देशात काडतुसांचा वारंवार दुष्काळ पडतो, ही गंमत नव्हे. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने २०१८ साली दिलेल्या अंदाजानुसार अमेरिकन नागरिकांजवळ ३९ कोटींहून अधिक बंदुका होत्या. म्हणजे माणसे कमी आणि बंदुका जास्त! तरीही २००८-०९, २०१३ आणि २०२०-२१ असे तीनदा तिथल्या दुकानांतील काडतुसांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. हा दुष्काळ कोणी पाडला? त्यातून कोणाची घरे भरली? आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला काय आले? याचा विचार केला पाहिजे.

नोव्हेंबर २००८ मध्ये बराक ओबामा निवडून आले. अमेरिकेच्या इतिहासातील पहिला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष! निकाल लागताच बंदुकांच्या दुकानांपुढे गर्दी उसळली. ‘हा माणूस आपल्या बंदुका काढून घेणार’ अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात काय घडले? ओबामांच्या पहिल्या कारकिर्दीत बंदुकांवर बंदी आणणारा एकही केंद्रीय कायदा झाला नाही. उलट २००९ साली त्यांनी सही केलेल्या एका कायद्यामुळे फेब्रुवारी २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत बंदूक बाळगण्याची मोकळीक मिळाली. बंदूकधाऱ्यांना सवलत दिली तरी भीती मात्र हटली नाही. कारण ती कायद्यातून आलीच नव्हती.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक शाळेत २० चिमुकली मुले आणि ६ मोठी माणसे गोळ्यांना बळी पडली. देश हळहळला, पण त्याच महिन्यात बंदूक खरेदीसाठी होणाऱ्या सरकारी पूर्वतपासणीचा आकडा २७ लाखांवर गेला. एक तपासणी म्हणजे एक विक्री असे नसले तरी वारे कुठे वाहत होते हे त्यावरून कळते. मुलांच्या हत्येनंतर नियम कडक होतील, म्हणून आताच साठा करा, असा हा हिशेब होता. एप्रिल २०१३ मध्ये तपासणीची व्याप्ती वाढवणारा प्रस्ताव सिनेटमध्ये आला. ५४ मते बाजूने, ४६ विरोधात. पण ६० हवी होती म्हणून तो पडला. कायदा झाला नाही, काडतुसे मात्र संपली! सर्वात स्वस्त आणि सर्वात सामान्य असे पॉइंट बावीस बोअरचे काडतूस पुढे कित्येक महिने दिसेनासे झाले. वॉलमार्टने दिवसाला एका ग्राहकास तीनच खोकी असा नियम केला. पोलीस खात्यांनाही सरावासाठी वाट पाहावी लागली.

यात आणखी एक अफवा पेरली गेली. सरकारचे अंतर्गत सुरक्षा खातेच काडतुसे विकत घेऊन जनतेला निःशस्त्र करीत आहे म्हणे! संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने चौकशी करून २०१४ च्या आरंभी अहवाल दिला. त्या खात्याची वार्षिक खरेदी २००९ पासून घटलेली आढळली. पण अफवेला अहवालाने उत्तर मिळत नसते.

रेशन दुकानापुढे उभे राहिलेल्या माणसाला टंचाईचे गणित शिकवावे लागत नाही. माल येणार नाही असे चार जण म्हणाले की पाचवा गरजेपेक्षा दुप्पट उचलतो. मग माल खरोखरच संपतो आणि पहिल्या चौघांचे म्हणणे खरे ठरते. त्यात दलाल शिरतो आणि दामदुपटीने विकतो. काडतुसाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पितळेची नळी, शिशाची गोळी, दारू आणि ठिणगी पाडणारा प्रायमर, असे त्याचे चार भाग. प्रायमरचे मिश्रण स्फोटक असल्याने त्याचे काम जोखमीचे आणि कारखाने मोजके. मागणी वाढली म्हणून उद्या नवा कारखाना उभा राहत नाही. शिवाय कारखानदार जाणून असतो की, ही लाट ओसरणार आहे. मग नव्या यंत्रांत पैसा कशाला घाला? त्यापेक्षा आहे तोच कारखाना रात्रंदिवस चालवा.

लाट ओसरते म्हणजे काय होते, तेही पाहा. २०१६ साली पूर्वतपासण्या पावणेतीन कोटींवर गेल्या होत्या. बंदूकवाल्यांचे लाडके डोनाल्ड ट्रम्प सत्तेवर येताच २०१७ साली त्या अडीच कोटींवर उतरल्या. मार्च २०१८ मध्ये १८१६ सालची रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली. कर्जाचा डोंगर होताच. त्यात घटत्या मागणीची भर पडली. ज्याला शत्रू म्हणून रंगवले त्याच्या राज्यात धंदा तेजीत, आणि ज्याला तारणहार मानले त्याच्या राज्यात मंदी! धंद्याला भीती लागते, यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

२०२० साली ही भीती चारही बाजूंनी आली. कोरोना आला. २५ मे रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव घेतला आणि देश रस्त्यावर उतरला. त्यात निवडणूक. वर्षभरात पूर्वतपासण्या चार कोटींच्या घरात गेल्या. त्याच वर्षी रेमिंग्टन पुन्हा दिवाळखोरीत निघाली आणि तिचा काडतुसांचा धंदा व्हिस्टा आउटडोअरने घेतला. फेडरल आणि सीसीआय आधीच व्हिस्टाकडे होत्या. ऐन टंचाईत पुरवठ्याच्या नाड्या मूठभरांच्या हाती गेल्या. सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या नव्या आयातीवर अमेरिकन सरकारने निर्बंध घातले आणि स्वस्त मालाचा एक मार्गही बंद झाला.

पण या वेळच्या रांगेत वेगळी माणसे उभी होती. बंदूक उद्योगाच्या संघटनेने दुकानदारांची पाहणी केली. तीनुसार २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांत कृष्णवर्णीयांची खरेदी आदल्या वर्षापेक्षा ५८ टक्क्यांनी वाढली. त्यांची भीती अफवेतून जन्मलेली नव्हती. तिला दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे.

१८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी जी कारणे दिली त्यात हेही होते की, कृष्णवर्णीयांना नागरिक मानले तर ते हवे तिथे शस्त्र घेऊन फिरतील! गुलामगिरी संपली त्याच १८६५ साली मिसिसिपीने कायदा करून परवान्याशिवाय त्यांना बंदूकच काय, काडतूस ठेवण्यासही मनाई केली. १९५६ साली घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी बंदुकीचा परवाना मागितला. तो नाकारला गेला. ज्यांच्या नावावरून १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली, ते ब्लॅक पँथर भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा १९६७ साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रेगन यांनी भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यास बंदी घातली. शस्त्रस्वातंत्र्याचे ढोल बडवणाऱ्या रायफल असोसिएशनने त्या वेळी कायद्याची बाजू घेतली. आणि २०१६ साली फिलँडो कॅस्टिल यांनी आपल्याजवळ परवान्याची बंदूक आहे असे पोलिसाला सांगितले, तरी त्यांना गाडीतच गोळ्या घातल्या गेल्या. तो पोलीस २०१७ मध्ये निर्दोष सुटला.

चातुर्वर्ण्याने बहुसंख्यांना शस्त्रापासून दूर ठेवले म्हणून ते बंड करू शकले नाहीत, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले होते. शस्त्र कोणाला शोभते आणि कोणाला नाही, हे तिथेही वरच्यांनीच ठरवले.

म्हणून रांगेतील दोन भीतींमध्ये फरक केला पाहिजे. एकाला वर्चस्व जाईल याची भीती आहे. दुसऱ्याला जीव जाईल याची. दुकानदार मात्र दोघांकडून एकच भाव घेतो. आणि खरेदीने दुसऱ्याची भीती तरी संपली का? २०२० साली अमेरिकेत ४५ हजारांहून अधिक माणसे बंदुकीने मेली, २०२१ साली ४८ हजारांहून अधिक. त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या. आणि गोळीने होणाऱ्या खुनांत कृष्णवर्णीय तरुणांचे प्रमाण सर्वाधिक.

ज्याला न्यायालय आणि पोलीस आपले वाटत नाहीत, त्याला काडतुसाच्या खोक्यात सुरक्षितता शोधावी लागते. हा त्याचा दोष नाही. त्याला तिथवर ढकलणाऱ्या व्यवस्थेचा आहे. पण काडतूस पुन्हा मिळू लागले म्हणजे टंचाई संपली असे कोणी समजू नये. अमेरिकेत खरी टंचाई समान न्यायाची आहे. ती भरून काढण्यात कोणत्याही कारखानदाराला नफा दिसत नाही. ती नागरिकांनाच संघटित होऊन भरून काढावी लागेल.