‘लाइक’ आणि ‘सारखे’ : एका समीकरणाविरुद्ध

‘सिमिली म्हणजे उपमा’ हे समीकरण मराठी समीक्षेच्या इतके अंगवळणी पडले आहे की ते तपासून पाहण्याची निकड कोणालाच भासत नाही. सिमिलीची व्यवहारातली ओळख ‘लाइक’ व ‘अ‍ॅज’ या शब्दांवरून पटते : शब्द आला की सिमिली, गळला की मेटाफर. हीच खूण आपण उपमेवर लादली आणि शालेय व्याकरणांनी सम, सारखा, प्रमाणे, परी, वाणी अशी यादी पुरवून ती पक्की केली.

मम्मटाची व्याख्या शब्दावर नव्हे, तर भेद कायम असताना प्रतीत होणाऱ्या साधर्म्यावर उभी आहे. म्हणूनच वाचक शब्द लोपला तरी लुप्तोपमा ही उपमाच राहते. ‘घनश्याम’ या समासात ‘सारखा’ कोठे आहे? उलट ‘तुझ्यासारखा तूच’ येथे तो असूनही अलंकार अनन्वय ठरतो. दंडीने तर ‘इव’वरच वाद मांडला. अंधार अंगांना माखतो अशा आशयाच्या प्रसिद्ध पद्यात उपमा पाहणाऱ्यांना त्याने बजावले की क्रियापद उपमान होऊ शकत नाही. ती उत्प्रेक्षा होय. आणि ‘बापासारखा बाप असून’ असे आपण म्हणतो तेव्हा तुलना कोणाची कोणाशी होते? हा ‘सारखा’ नात्याचे वजन सांगतो. ‘लाइक’च्या कक्षेत तो मावतच नाही. (यादी करणाऱ्यांना तो दिसलाही नसावा.)

खरी हानी मात्र वेगळीच आहे. अ‍ॅरिस्टॉटलने ‘र्‍हेटरिक’च्या तिसऱ्या भागात सिमिलीला किंचित फरकाची मेटाफर मानले आणि लांबणीमुळे ती कमी सुखद ठरवली. वामनाने नेमके उलट केले : त्याच्या लेखी अर्थालंकार हाच उपमेचा विस्तार. अप्पय्य दीक्षितांना सोळाव्या शतकात उपमा ही नाना भूमिका वठवणारी नटी वाटली. तेव्हा ‘हा कवी उपमेतच अडकला, प्रतिमेपर्यंत पोचला नाही’ असा शेरा आपला परीक्षक मारतो, त्यात संज्ञा वामनाच्या घरची आणि तुच्छता अ‍ॅरिस्टॉटलच्या घरची असते. हे उसनेपण त्याला ठाऊक नसते, हे अधिक गंभीर.

संज्ञा कोणतीही घ्या, महत्त्व अखेर कवितेलाच, असे यावर सांगितले जाईल. पण त्या कवितेचे गुण तर याच संज्ञेच्या आधारे कापले गेलेले असतात.