तगरनगराचा धडा

लातूरच्या भरभराटीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचा इतिहास एकदा चाळावा. तेरणाकाठचे हे गाव म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक सागरी मार्गदर्शिकेनुसार, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरातून जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांतून भडोच बंदरात जाई. पश्चिमेकडील ही मागणी ओसरली आणि तगरचा आधार सुटला. पुढे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद दूर कोकणात व कोल्हापुरात मिरवीत राहिले. नगराचे वैभव मात्र त्या बिरुदापुरतेच उरले.

लातूरही बाजारपेठेच्या बळावरच मोठे झाले. १९८२ साली ते जिल्ह्याचे ठिकाण बनले. तूर व सोयाबीनच्या मोंढ्याने आणि शिक्षणसंस्थांनी त्याचा लौकिक वाढविला. परंतु याच शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मांजरेच्या खोऱ्यात उसाचे मळे वाढविताना शहराच्या तहानेचा हिशेब कोणी मांडला होता काय? नगरे एका दिवसात बुडत नाहीत. ज्या आधारावर ती उभी असतात, तो आधी खचतो. सातासमुद्रापलीकडची मागणी टिकविणे तगरच्या हाती नव्हते. मांजरेच्या पाण्याचे वाटप मात्र लातूरकरांच्या व शासनाच्या हाती आहे.