संपले, थांबले की मोडले?

जेवणे आटोपली की आपल्या घरांत 'दस्तरख्वान बढाओ' म्हणतात. ते ऐकून कोणी दस्तरख्वान आणखी पसरत नाही. सारे आवरू लागतात. इंग्रजीतही तसेच आहे. एकेक शब्द सुटा धरला की अर्थ हुकतो.

घरातली साखर 'रन आउट' झाली म्हणजे संपली. दुतोंड्या मारुतीपर्यंत चढलेला गोदावरीचा पूर 'गो डाउन' झाला म्हणजे ओसरला. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, तेव्हा आपल्या नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. असा बंद 'कॉल ऑफ' झाला म्हणजे मागे घेतला. बाजार पुन्हा सुरू.

पण निकाह 'कॉल ऑफ' झाला म्हणजे मोडला. 'पुट ऑफ' झाला तर नुसता पुढे ढकलला. 'ऑफ' दोन्हीकडे तोच, पण आधीच्या शब्दात गफलत झाली तर मुलीच्या घरी रडारड व्हायची.

म्हणून आम्ही सुचवतो: मुलांना अशी क्रियापदे पूर्ण वाक्यातून शिकवावीत, आणि सोयरिकीचा निरोप मात्र आपल्या भाषेतच, शक्यतो समक्ष जाऊन द्यावा.