कुणासाठी उघडायचं?

"सर्व्हरवर नीट चालतंय, पण माझ्या मशीनवरून कनेक्ट होत नाहीये." आयटीत दोन-तीन वर्षं काढलेल्या माणसानं हे वाक्य ऐकलेलं तरी असतं, नाहीतर स्वतः म्हटलेलं तरी असतं. डेटाबेस चालू असतो, पासवर्ड बरोबर असतो, पण लांबून हाक मारली की हा पठ्ठ्या ओळखच दाखवत नाही. मग शोधाशोध. पाच मिनिटांत तोडगा सापडतो : ही ओळ बदल, हे पोर्ट उघड, ही कमांड मार, सर्व्हिस रीस्टार्ट कर. झालं कनेक्ट. चला चहाला.

तर मंडळी, आज या तोडग्याबद्दलच थोडं बोलायचंय. माझं म्हणणं साधं आहे. बाहेरून जोडणी होत नाही याला आपण बिघाड समजतो आणि तिथेच फसतो. सर्व्हर तुम्हाला विचारत असतो, "कुणासाठी उघडू?" एकदा नाही, चांगलं तीनदा विचारतो. आणि आपण तिन्ही वेळा "सगळ्यांसाठी रे बाबा, पण उघड एकदाचा" असं सांगून मोकळे होतो.

ते तीन प्रश्न कुठले? उदाहरणाला उबुंटूवरचं मायएसक्यूएल घेऊ.

पहिला प्रश्न : कुठल्या पत्त्यावर कान द्यायचा? एका मशीनला एकाहून जास्त पत्ते असतात. त्यातला १२७.०.०.१ हा स्वतःशीच बोलायचा पत्ता. उबुंटूच्या पॅकेजमधून मायएसक्यूएल टाकलं की सेटिंगच्या फाइलीत बाइंड-अ‍ॅड्रेस म्हणून हाच लिहिलेला असतो. म्हणजे त्याच मशीनवरच्या प्रोग्रॅमनं हाक मारली तर ओ देईन, बाहेरच्याला नाही. तोडगा सांगतो, तिथे ०.०.०.० लिहा. म्हणजे मशीनला जेवढे म्हणून आयपीव्ही४ पत्ते आहेत त्या सगळ्यांवर ऐक.

दुसरा प्रश्न फायरवॉलचा : ३३०६ या पोर्टवर कुठून येणाऱ्याला आत सोडू? क्लाउडच्या स्क्रीनवर तिथे एक रकाना असतो. आपण ०.०.०.०/० टाकतो. याचा अर्थ, पृथ्वीच्या पाठीवरचा कुठलाही पत्ता.

तिसरा प्रश्न खुद्द मायएसक्यूएलचा. त्याच्याकडे खातं म्हणजे नुसतं नाव नसतं, नाव आणि ठिकाण यांची जोडी असते. 'लोकलहोस्टवरून येणारा रूट' आणि 'कुठूनही येणारा रूट' ही त्याच्या लेखी दोन वेगळी खाती. ठिकाणाच्या जागी टक्क्याचं चिन्ह, म्हणजे %, टाकलं की अर्थ होतो 'कुठूनही'. तोडग्यात नेमकं तेच असतं, आणि वर 'सगळे अधिकार द्या' ही मेहेरबानीसुद्धा.

गंमत म्हणजे सर्व्हर कुठला प्रश्न विचारतोय हे तो एररमध्ये बऱ्यापैकी सांगतो. लिनक्सवर कंसात १११ आला तर त्या पत्त्यावर बहुतेक कुणी ऐकतच नाहीये. बराच वेळ नुसतं लटकून टाइमआउट झालं तर बहुधा फायरवॉल मधे आहे. ११३० आला तर सर्व्हरपर्यंत पोचलात, पण तुमच्या ठिकाणावरून येणाऱ्या कुणाचंच खातं तिथे नाही. १०४५ आला तर नाव, ठिकाण किंवा पासवर्ड यांपैकी काहीतरी जुळत नाहीये. म्हणजे गाडी कुठे अडली ते कळतं आणि तेवढीच अडचण सोडवता येते. पण आपल्याला घाई. आपण तिन्ही फाटकं एकदमच उचकटतो.

"अरे, पण आमच्यासारख्या छोट्या सर्व्हरकडे कोण येतंय?" हे ठरलेलं उत्तर. कोण येतंय म्हणजे? माणूस येतच नाही, प्रोग्रॅम येतो. आयपीव्ही४ चे सगळे मिळून पत्ते सुमारे ४३० कोटी. ऐकायला प्रचंड वाटतात. पण २०१३ साली मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं, आणि एका साध्या मशीनवरून, गिगाबिट जोडणीवर, अख्ख्या आयपीव्ही४ जगातलं एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासून दाखवलं. तुमचा सर्व्हर छोटा आहे की मोठा, पुण्यात आहे की पेरूमध्ये, त्या प्रोग्रॅमला काय त्याचं? तो दारं ओळीनं ढकलत जातो. पोर्ट बदलून ३३०७ केलं तर त्याचं काम थोडं वाढतं, एवढंच.

जुनं उदाहरण हवं? २५ जानेवारी २००३. एसक्यूएल स्लॅमर नावाचा जंतू, आकार ३७६ बाइट्स, म्हणजे या लेखातल्या एका परिच्छेदाहूनही लहान. एसक्यूएल सर्व्हर २००० च्या १४३४ या यूडीपी पोर्टवर आदळायचा. सापडू शकणारी बहुतेक मशीन्स त्यानं दहा मिनिटांत गाठली. दुरुस्तीचा पॅच जुलै २००२ मध्येच आला होता. म्हणजे पॅच होता, टाकलेला नव्हता, आणि पोर्ट जगासाठी उघडं होतं.

त्यातून आपण शिकलो का? जानेवारी २०१७ मध्ये हजारो मोंगोडीबी सर्व्हर पुसले गेले आणि जागेवर खंडणीची चिठ्ठी आली. त्यात हॅकिंग म्हणावं असं फारसं काही नव्हतंच. पासवर्डच नव्हता आणि दार उघडं होतं. मे २०२२ मध्ये शॅडोसर्व्हर या संस्थेनं मोजलं तेव्हा ३६ लाखांहून जास्त मायएसक्यूएल सर्व्हर इंटरनेटवरून येणाऱ्या कुणालाही ओ देत होते. यातल्या सगळ्यांचे मालक बेफिकीर असतील असं मला वाटत नाही. बहुतेकांनी तोच तोडगा वापरला असणार, आणि काम झालं म्हणून विसरून गेले असणार.

सॉफ्टवेअर लिहिणारे मात्र हळूहळू शहाणे झाले. २००५ साली आलेल्या पोस्टग्रेस ८.० पासून तो मुळात फक्त लोकलहोस्टवर ऐकतो. मोंगोडीबीनं २०१७ च्या ३.६ आवृत्तीत सगळीकडे तेच केलं. रेडिसनं २०१६ च्या ३.२ मध्ये असं केलं की पासवर्ड नसेल आणि पत्ताही ठरवला नसेल, तर बाहेरच्याला नकार. म्हणजे आपल्याला जी 'कटकट' वाटते ती कुणीतरी विचार करून, पोळून निघाल्यावर घातलेली कडी आहे. आणि आपण डॉकरमध्ये पोर्ट ३३०६:३३०६ असं प्रसिद्ध करून ती परत काढतो. इथे एक मेख आहे. उबुंटूच्या यूएफडब्ल्यूमध्ये ३३०६ बंद दिसत असलं, तरी डॉकर स्वतःचे नियम त्याच्या आधी बसवतो आणि पोर्ट बाहेर उघडं राहतं. त्या आकड्यांच्या पुढे १२७.०.०.१ लिहायचे कष्ट घेतले तर हे टळतं.

आता एक पाहिलेली गोष्ट सांगतो. तालुक्याच्या गावातली एक पॅथॉलॉजी लॅब, दोन शाखा, एक सर्व्हर. अकाउंटंटला घरून महिन्याचा हिशोब बघायचा होता. सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीतल्या पोराला फोन गेला, "आत्ताच्या आत्ता चालू करून दे." त्यानं दिलं. महिनाभरात सगळी टेबलं गायब, आणि एकच नवीन टेबल, त्यात इंग्रजीत पैशांची मागणी. बॅकअप होता, पण तीन आठवडे जुना. एका ओळखीच्यामुळे मी रविवारी बसून जमेल तेवढं परत उभं करायला मदत केली.

त्या दिवशी चर्चा झाली ती बिलांची, थकबाकीची, आणि त्या पोराला काढून टाकायची. त्या टेबलांमध्ये माणसांची नावं होती, मोबाइल नंबर होते, कुणाची साखर, कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट. तो कुणीतरी पुसण्याआधी कॉपी केला असेल का? हा प्रश्न मी दोनदा काढला. दोन्ही वेळा विषय बदलला. त्या लोकांना आजवर कुणी काही कळवलेलं नाही. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती असो बापडी. लॅबवर विश्वास ठेवून दंड पुढे करणाऱ्या माणसाला त्यातलं काय माहीत?

म्हणून मला एकट्या त्या पोराला दोष देणं पटत नाही. कमांड त्यानं मारली हे खरं. पण 'कुणासाठी?' हे विचारायला त्याला अर्धा तास द्यायची कुणाची तयारी होती? जो "आत्ताच्या आत्ता" म्हणतो, त्यानंच या प्रश्नाचं उत्तर आधी द्यायला हवं. आणि इंजिनिअरनंही ते मागायला हवं, लेखी, मेलवर.

"मग काय, कामं बंद ठेवायची?" नाही हो. त्या अकाउंटंटला मुळात डेटाबेस नकोच होता. त्याला महिन्याचा एक रिपोर्ट हवा होता, तो रात्री आपोआप मेल झाला असता तरी भागलं असतं. ज्याला खरंच डेटाबेस लागतो त्याच्यासाठी एसएसएचचा बोगदा आहे : आपल्या लॅपटॉपवरचं ३३०७ सर्व्हरच्या आतल्या १२७.०.०.१ वरच्या ३३०६ शी जोडायचं. बाइंड-अ‍ॅड्रेसला हातही लावायला नको. रोजचे पाच-दहा जण असतील तर व्हीपीएन. आणि दोन सर्व्हर एकमेकांशी बोलणार असतील तर खाजगी नेटवर्कचा पत्ता, फायरवॉलमध्ये तेवढाच एक पत्ता, स्वतंत्र खातं, लागतात तेवढेच अधिकार, आणि टीएलएसची सक्ती.

"घरचा आयपीच तेवढा उघडतो" हा मधला मार्ग बरा, पण पुरेसा नाही. घरगुती ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो. शिवाय मोबाइल नेटवर्कवर एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असंख्य ग्राहक असतात. तुम्ही स्वतःला आत घेताय असं वाटतं, आणि सोबत अख्खी वरात आत येते.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की एक करा. आपल्या सर्व्हरवर एसएस डॅश टीएलएनपी ही कमांड चालवा आणि ०.०.०.० किंवा आयपीव्ही६ चे दोन कोलन कुठल्या पोर्टांसमोर दिसतात ते बघा. प्रत्येकापुढे कागदावर लिहा, हे कुणासाठी उघडं आहे. ज्याच्यापुढे नाव लिहिता येणार नाही, ते बंद करून बघा. फार तर कुणाचा तरी फोन येईल. मग त्याला विचारा, नेमकं काय हवंय.