उभ्या गाड्यांनाही एक रकाना हवा

मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही गावात शिरा. एखाद्या पडवीत, गोठ्यात, नाहीतर वाडीतल्या पंपाच्या खोलीत ताडपत्रीखाली जुनी मोटरसायकल उभी असतेच. बहुतेक वेळा येझदी किंवा राजदूत, कधी बुलेट, नशीब जोरावर असलं तर जावा. एम-एटीचा तर हिशेबच नको. मासळीच्या टोपल्या वाहून तिचं कॅरियर वाकलेलं असतं आणि इतक्या वर्षांनीही वास गेलेला नसतो. रेवदंड्याच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. पाऊस सरला की पिकअप भाड्याने घ्यायची आणि या गाड्या उचलून आणायच्या, हा माझा जुना उद्योग. कुणाला चालू करून हवी असते, कुणाला विकायची असते, कुणाला नुसती जागा मोकळी करून हवी असते. लोखंडाचं मी बघून घेतो. गाडं अडतं ते कागदाशी, आणि आज लिहायला बसलो ते त्याचसाठी.

आपल्या कायद्याला मोटरसायकल एक तर रस्त्यावर धावणारी माहीत आहे, नाहीतर भंगारात जाणारी. अलीकडे ‘विंटेज’ अशी तिसरी जात निघाली, पण ती आमच्याकडच्या गाड्यांच्या कामाची का नाही ते पुढे येईलच. मालक वारला, मुलं खारघर-उलव्याला, गाडी चालवायचीही नाही आणि भंगारात घालायचीही नाही, अशी नुसती उभी गाडी कुठल्याच रकान्यात बसत नाही.

या गाड्या इथे आल्या कुठून, तेही सांगायला हवं. रायगडच्या किनाऱ्यावर 1980 च्या दशकात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार खेळायला लागला. थळला खताचा कारखाना आला, मागोमाग नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, नंतर साळावचा स्पंज आयर्नचा. कुणाला जमिनीचे पैसे मिळाले, कुणाला नोकरी लागली. शिफ्टला जायचं तर एसटीच्या भरवशावर राहता येत नव्हतं. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीची येझदी, फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत, मद्रासची बुलेट या तेव्हा चैनीच्या नव्हे, पाळी गाठायच्या गाड्या होत्या. नवरा-बायको, पुढे टाकीवर पोर, मागे तांदळाची गोण, अशी येझदी कार्ल्याची खिंड चढताना मी पाहिलेली आहे. पुढे चार स्ट्रोकच्या हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या आल्या, 1996 साली आयडियल जावाला टाळं लागलं, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि ‘बघू नंतर’ म्हणत लोकांनी गाड्या भिंतीला टेकवल्या. त्या तिथेच राहिल्या.

आता एका फेरीची गोष्ट. बोर्ली पंचतनच्या पुढे एका वाडीत दोन गाड्या होत्या, एक येझदी आणि एक राजदूत. अलिबागहून निघायचं, रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, काशीद, मुरुड करत आगरदांडा गाठायचं, तिथून जंगलजेटीत पिकअप घालून दिघीला उतरायचं. नकाशावर टीचभर वाटतं. काशीदच्या आसपास शनिवार-रविवारी अडकलात तर मात्र मुंबईची सगळी गर्दी तुमच्यापुढे असते, म्हणून मी मंगळवार-बुधवार धरतो. जेटीवर ड्रायव्हरने पिकअप उलटी चढवली. उतरताना सरळ पुढे काढता येते, आणि परतीला मागे दोन गाड्या बांधलेल्या असल्या की हे उलट-सुलट फार महत्त्वाचं असतं.

वाडीतली शेड निसर्ग वादळात बसली होती. 3 जून 2020 ला ते वादळ या किनाऱ्यावर आपटलं, तेव्हा दिवेआगर-श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पत्र्यावर, पत्रा वाशांवर, वासे गाड्यांवर. घरच्या काकींनी वासे काढून जळणाला वापरले, पत्रे गाड्यांवर तसेच ठेवले. “पंचनाम्याला आले ते झाडं मोजून गेले,” त्या म्हणाल्या. “गाडी बघितली पन न्हाई.” बघून लिहिणार तरी कुठे? आपत्तीच्या मदतीच्या निकषांत घर आहे, जनावर आहे, पीक आहे, मच्छीमाराची होडी आणि जाळंही आहे. त्या होडीतली मासळी बाजाराला नेणारी दुचाकी नाही.

येझदीचं इंजिन जाम होतं. सायलेन्सरच्या एका तोंडाला कुंभारीण माशीने मातीचं घर लिंपून बूच मारलं होतं, दुसऱ्यात उंदराने काथ्या भरला होता. अशा गाडीला किक मारायचीच नाही. जावा-येझदीला किक आणि गियर एकाच दांड्यावर. जोर केलात तर आतलं किकचं पातं तुटतं आणि दोनशेचं काम पाच हजारांवर जातं. मी प्लग काढला, भोकातून डिझेल आणि ऑइल सारखं मिसळून ओतलं आणि चहा घेऊन परत आलो. मग गाडी गियरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे झुलवायचं, जरा-जरासं. घाई केली की रिंग तुटते. बराच वेळ काही नाही, आणि मग चाकाने बोटभर जागा सोडली. काकी ओट्यावरून बघत होत्या. “सुटली,” मी म्हणालो. “ह्यांच्या हातालाच सुटायची ती,” त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

राजदूतचं नशीब उलटं होतं. ती गोठ्याला लागून उभी होती, आणि जनावराच्या मुताची वाफ खाऱ्या वाऱ्याहूनही वाईट. स्पोक हातात मोडून आले. पण इंजिन गळकं होतं, बाहेरून तेल-मातीचा थर जमलेला, आणि त्या थराखालची धातू अगदी कोरी. आमच्या धंद्यात हे नेहमी दिसतं. जपून, पुसून, चकाचक ठेवलेली गाडी किनाऱ्यावर आधी सडते.

मग मी येझदीच्या हँडलच्या मानेवरचा चॅसिस नंबर शोधला. गंजाचे पापुद्रे. कापडाने नुसतं पुसलं, घासलं नाही, कारण घासलं की आकडाही जातो. वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली. चार आकडे स्वच्छ उठले, पाचवा 3 आहे की 8 ते कळेना, शेवटचा नाहीच. मोटार वाहन निरीक्षकाला हाच पेन्सिल प्रिंट लागतो. आरसी बुकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळला नाही तर पुढचं सगळं थांबतं. आरसी बुक काकींनी लोखंडी ट्रंकेतून काढून दिलं. पत्त्यात ‘जि. कुलाबा’. जिल्ह्याचं नाव रायगड झालं 1 जानेवारी 1981 ला, म्हणजे गाडी त्याच्या आधीची.

इथून खरी अडचण सुरू होते. नियमाप्रमाणे मालक वारला की वारसाने तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत 31 नंबरच्या फॉर्मवर अर्ज करून गाडी नावावर करून घ्यायची. ज्या घरात माणूस गेलाय तिथे तीस दिवसांत गाडीचा विचार कोण करतं? सातबारा वारसांच्या नावावर व्हायला आपल्याकडे पिढ्या लागतात. वर नोंदणी संपलेली असते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती नव्याने करायची, आणि उशीर झाला तर मोटरसायकलला दर महिन्याला 300 रुपये, म्हणजे वर्षाला 3,600. नूतनीकरणाची फी 2022 मध्ये 300 वरून 1,000 झाली, आणि वीस वर्षांपुढच्या मोटरसायकलला ऑगस्ट 2025 पासून 2,000. पर्यावरण कर वेगळा. सुरक्षा नंबरप्लेट 450 आणि वर जीएसटी. ती मागवायला नंबर ‘वाहन’ पोर्टलवर हवा, आणि हातानं लिहिलेल्या जुन्या रजिस्टरातल्या कित्येक गाड्या तिथे चढलेल्याच नाहीत. एका कार्यालयात मला सांगितलं, ऑनलाइन दिसत नाही म्हणजे गाडी नाही. गाडी बाहेर पिकअपमध्ये बांधलेली होती. बघायला चला म्हटलं, तर जेवणाची सुट्टी झाली.

एवढं झाल्यावर घरचा मुलगा काय करेल? दलालाला फोन. दलाल कागदाशिवाय घेतो. गाडी पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाकडे जाते किंवा किलोवर कापली जाते. सरकारी दप्तरी मालक तोच राहतो, वारलेला. याचा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं की अपघाताची भरपाई नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, मग गाडी मधल्या मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. गाडी मोडीत काढली तरी चौदा दिवसांत कळवून आरसी परत करायची असते. ते कोणी करत नाही, आणि मोकळे राहिलेले ते नंबर दुसऱ्याच चॅसिसवर ठोकले जातात. हा धंदा पोलिसांनाही माहीत आहे आणि आम्हा मेकॅनिकांनाही.

आता विंटेजबद्दल. जुलै 2021 मध्ये केंद्राने नियम आणला, आणि तो वाईट नाही. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली गाडी विंटेज. नवीन नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, रोजच्या वापराला बंदी, प्रदर्शन किंवा रॅलीला परवानगी. पण हा हिशेब मोटारींचे ताफे बाळगणाऱ्यांचा आहे. 1984 ची येझदी पन्नाशीला पोचेल 2034 मध्ये, आणि आमच्या किनाऱ्यावर पन्नाशीपर्यंत चॅसिस नंबर टिकत नाही. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फीवा तीस वर्षांपुढच्या गाडीला ऐतिहासिक मानते, जर्मनीत खास नंबरप्लेटही तीस वर्षांनंतर मिळते. इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांनी रस्त्याचा कर माफ होतो. तिथे आणखी एक साधी सोय आहे: गाडी रस्त्यावर काढणार नाही असं कळवून टाकायचं. फुकट. मग ती गॅरेजात वर्षानुवर्षं उभी राहो, कर नाही आणि दंडही नाही. मला हवाय तो रकाना हाच.

कुणी म्हणेल, दोन स्ट्रोकच्या धूर ओकणाऱ्या गाड्यांचा एवढा पुळका कशाला? धूर होतो, खोटं कशाला बोलू. रोज कामाला ती गाडी वापरू द्या असं माझं म्हणणंही नाही. पण जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवसाला गाड्या एकत्र येतात आणि संध्याकाळी परत झाकल्या जातात. त्यातल्या धुराने हवा बिघडते म्हणणाऱ्याने वडखळ नाक्यावर तासभर उभं राहून दाखवावं. आणि एक गंमत बघा. जावाचं नाव 2018 मध्ये आणि येझदीचं 2022 मध्ये नव्याने बाजारात आलं, जुन्या वळणाच्या टाकीसह लाखांच्या घरात किमती. ज्या गाडीच्या आठवणीवर हा बाजार चालतो, तिच्या मालकाच्या बायकोला मात्र ती स्वतःच्या नावावर करून घेता येत नाही.

परतताना जेटी टाळून म्हसळा-माणगावमार्गे महामार्ग धरला. 2011 पासून रुंद होत असलेल्या त्या रस्त्यावर, कोलाडच्या अलीकडे, राजदूतचा हेडलाइट खड्ड्यात निखळून पडला. गोठ्यात टिकला होता बिचारा.

मागणं फार मोठं नाही. पेणच्या परिवहन कार्यालयाची शिबिरं लायसन्ससाठी तालुक्यांना लागतातच. वर्षातून एकदा, गणपतीत चाकरमानी गावी असताना, त्याच शिबिरात एक टेबल मृत मालकांच्या दुचाकींसाठी टाकावं. तीस वर्षांपुढच्या गाडीला उशिराचा दंड माफ, वारसांच्या संमतीवर नाव बदल, रजिस्टरातली नोंद त्याच दिवशी पोर्टलवर, आणि ‘रस्त्यावर नाही’ असा शेरा मारून विषय संपवावा. निम्मा आकडा गेलेल्या नंबरासाठी इंजिन नंबर आणि आरसी बुक धरून निरीक्षकाला निर्णय घेऊ द्यावा. दंड आणि फी केंद्राच्या नियमात आहेत हे मला कळतं. आमच्या खासदारांनी तिथे एवढं मागावं. पर्यावरण कर तर राज्याचाच आहे, त्याला दिल्लीची वाट बघायला नको.

ते होईल तेव्हा होईल. तोवर या दिवाळीत गावी गेलात आणि पडवीत गाडी असेल तर चॅसिस आणि इंजिन दोन्ही नंबरांचे पेन्सिल प्रिंट काढून आरसी बुकाबरोबर ठेवा. पॉलिश पेपर लावू नका, फक्त कोरडं कापड. प्रिंट झाल्यावर नंबरावर ग्रीसचा जाड थर द्या, साधं तेल पावसाळाभर टिकत नाही. गाडी साइड स्टँडवरून काढून मधल्या स्टँडवर घ्या, खाली फळी घाला. आणि किक मारून बघायचा मोह आवरा.