शून्य बाइटचा बॅकअप

‘बॅकअप रोज रात्री होतो.’ नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव, कुठल्याही पतसंस्थेत किंवा दूध संस्थेत कामाला गेलो की हे वाक्य ऐकतो, आणि आता त्याचा मला संताप येतो. ती फाइल शेवटची परत कधी चढवून पाहिली, असं विचारलं की व्यवस्थापक ऑपरेटरकडे बघतो आणि ऑपरेटर जमिनीकडे.

रात्री नेमकं होतं काय? डेटाबेसची प्रत काढणाऱ्या मायएसक्यूएलडंपची कमांड सुटते, तिचं आउटपुट एका फाइलकडे वळवलेलं असतं. ती फाइल शेल आधीच रिकामी तयार करून ठेवतं. पासवर्ड बदललेला असो की सर्व्हर बंद असो, सकाळी फोल्डरमध्ये आजच्या तारखेची फाइल हजर. आकार शून्य. रोज तेच नाव वापरलं असेल तर कालची धड प्रतही त्याच क्षणी पुसली गेली. पुढे फाइल आवळणाऱ्या जीझिपचा पाइप असेल आणि स्क्रिप्टमध्ये पाइपफेल लावलेलं नसेल, तर डंप अर्ध्यात मेला तरी ‘यशस्वी’ अशी नोंद होते. डंप पुरा झाला, पण रूटीन्सचा पर्याय दिला नव्हता? मग व्याज काढणाऱ्या स्टोअर्ड प्रोसीजर त्यात नाहीत. हे कळतं ते परत चढवताना, आणि चढवायची वेळ येते ती मूळ डिस्क गेल्यावर.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत चालू सर्व्हरवरचाच डेटा चुकून पुसला गेला. तेव्हा उघड झालं की डेटाबेस सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा आणि त्याची प्रत काढणारा पीजी_डंप जुन्या ९.२ चा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हते. इशाऱ्याचे मेलही पोचत नव्हते. सहा तास आधी एकाने हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर निभावलं. त्या कंपनीने हे सगळं जगासमोर लेखी मांडलं. आपल्याकडे अशा वेळी ऑपरेटरला नोटीस जाते आणि ठरावात ‘तांत्रिक बिघाड’ लिहिला जातो.

भोगतो कोण? पहाटे दूध घालणारी बाई. तिच्या हातात लिटर, फॅट आणि एसएनएफची चिठ्ठी असते, ती चार दिवसांत पांढरी पडते. डेटा गेला की दुधाचा पगार किती निघतो हे तिनेच सिद्ध करायचं! संस्थेने जपायची नोंद गमावली संस्थेने, आणि पुरावा मागायचा सभासदाकडे. ही लबाडी आहे.

आणि प्रत ठेवतात कुठे? सर्व्हरच्याच खोलीतल्या कपाटात, पेनड्राइव्हवर. ३० जुलै २०१४ ला ज्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली, त्या तालुक्यात तरी एका छपराखाली दोन्ही प्रती ठेवायला कुणी धजू नये.

महिन्यातून एकदा वेगळ्या यंत्रावर, कोऱ्या डेटाबेसमध्ये तो डंप चढवा. सभासदसंख्या आणि ठेवींची बेरीज डंप घेतला त्या दिवशीच्या तेरजेशी जुळवा. जुळली की नाही ते इतिवृत्तात लिहा, खाली अध्यक्षांची सही घ्या. ऑपरेटरची नको, त्याच्या हातात ना खर्चाची मंजुरी असते ना दुसरं यंत्र. लेखापरीक्षकाने व्हाउचरच्या आधी ते पान मागावं. वार्षिक सभेत लाभांशाचा विषय निघण्यापूर्वी सभासदांनीही ते मागावं, आणि पान नसेल तर अहवालाला मंजुरी देऊ नये.