विश्लेषण : जुनी कार सकाळी सुरू होत नाही, वर पेट्रोलचा वास, दोष नेमका कुठे शोधायचा?

जुन्या पेट्रोल कारची एक तक्रार ठरलेली असते. सकाळी पाच-सहा वेळा सेल मारल्याशिवाय इंजिन पेटत नाही आणि पेटले की गाडीभोवती पेट्रोलचा वास येतो. मग प्लग बदलले जातात, नंतर बॅटरी, नंतर कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टरची सफाई. पैसे जातात, वास तसाच राहतो. या दोन तक्रारींचे मूळ अनेकदा एकच असते, आणि ते सुटा भाग विकत घेण्यापूर्वी घरच्या घरी बरेचसे ओळखता येते.

गांधीबागेतल्या गाड्यांनाच हे जास्त का?

गांधीबाग हा नागपूरचा कापडाचा ठोक बाजार. इथली गाडी सकाळी महाल, इतवारी किंवा लकडगंजच्या घरातून निघते, दोन-तीन किलोमीटर चालते आणि रात्री दुकान वाढवेपर्यंत उभी राहते. इंजिन नीट गरम व्हायच्या आत बंद होते. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागते, त्यातले थोडे न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते. प्लग काळे आणि ओले राहतात. लांब प्रवासात हे सगळे जळून, उडून जाते. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या सिग्नलवर जात नाही.

त्यात नागपूरचे हवामान. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तर २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एवढा चढ-उतार सोसणारा रबरी पाइप पंधरा वर्षांनी कडक होतो आणि क्लिपजवळ तडकतो. तडा बाहेरून केसासारखा दिसतो, पण पाइप वाकवला की उघडतो.

वास आला तर आधी काय करायचे?

सेल मारायचा नाही. ही गोष्ट सर्वांत कमी पाळली जाते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे नागपूरच्या कोणत्याही ऋतूत ती तयारच असते. ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने वर उडून जात नाही. जमिनीलगत साचते, उताराने सरकते. खाली पार्किंग, वर कापडाचे गोदाम आणि शेजारच्या दुकानात सकाळची अगरबत्ती, अशी रचना असलेल्या गल्लीत याचा अर्थ वेगळा सांगायला नको. वास उग्र असेल किंवा गाडीखाली ओला डाग दिसला, तर गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत मोकळ्यावर आणावी आणि मिस्त्रीला तिथेच बोलवावे. बंद जागेत बॅटरीची वायर काढायलाही जाऊ नये, तिथेही ठिणगी पडते.

दुसरी बाब नाकाची. गाडीला गॅस किट असेल तर येणारा वास पेट्रोलचा आहे की गॅसचा, हे आधी ठरवा. गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याला कुजकट वास असतो. एलपीजीही पेट्रोलच्या वाफेसारखीच खाली बसते, सीएनजी मात्र वर जाते. कायम गॅसवर पळणाऱ्या गाडीत टाकीतले पेट्रोल महिनोन्महिने पडून शिळे होते, त्यातला सहज उडणारा अंश निघून जातो आणि सकाळी नेमके त्याच पेट्रोलवर गाडी सुरू करायची असते. अशा गाडीत दोष शोधण्याआधी ताजे पेट्रोल घालून पाहणे स्वस्त पडते.

वास कधी येतो, गाडी कधी अडते?

निदानाचा निम्मा भाग या दोन प्रश्नांत आहे. टाकी पूर्ण भरल्यावरच वास येत असेल आणि अर्धी झाली की जात असेल, तर दोष मागे आहे : टाकीवरचे पंपाचे गॅस्केट, भरण्याच्या नळीचा जोड किंवा झाकणाचे रबर. अनेक गाड्यांत पंप मागच्या सीटखाली असतो, म्हणून वास केबिनमध्ये येतो. वास फक्त बॉनेटकडून येत असेल तर पुढचे पाइप, फिल्टर आणि इंजेक्टरच्या रबरी रिंगा पाहायच्या. आणि बराच वेळ सेल मारल्यानंतर सायलेन्सरमधून येणारा वास हा दोषाचा परिणाम असतो, कारण नव्हे. इंजिन पेटले नाही म्हणून कच्चे पेट्रोल बाहेर आले, एवढाच त्याचा अर्थ. तिथे आधी ठिणगी आणि बॅटरी तपासावी. सेल मारताना बॅटरीचा दाब ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर इंधनाकडे पाहायची घाईच नको.

कार्ब्युरेटरच्या गाड्या, म्हणजे पद्मिनी, जुन्या अ‍ॅम्बेसेडर आणि सुरुवातीच्या मारुती ८००, अजूनही हौशी लोकांकडे आहेत. त्यांचे प्रकरण सरळ असते. फ्लोटची सुई झिजली की वाटीतले पेट्रोल ओसंडते. चोक अर्धवट अडकला की मिश्रण नको तेवढे घट्ट होते. मे महिन्यात गाडी दहा मिनिटे थांबवून पुन्हा सुरू करताना अडत असेल, तर इंजिनाच्या उष्णतेने वाटीतले पेट्रोल उकळून आत गेलेले असते. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल मारायचा. पायाने पंप मारत राहिलात तर आणखी पेट्रोल आत जाते, हे माहीत असूनही सगळे तेच करतात. या गाड्यांत इंजिनावरच्या यांत्रिक पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये जाते. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची पातळी न भरता वाढलेली असेल तर ती शुभवार्ता नाही. ते ऑइल बदलेपर्यंत गाडी चालवू नये.

इंजेक्शनच्या गाड्यांत घरी काय कळते?

आधी वरचा वासाचा नियम पाळून, गाडी मोकळ्या हवेत असताना. चावी ‘ऑन’पर्यंत फिरवा, सेल मारू नका. मागून दोन-तीन सेकंद पंपाचा गुणगुण आवाज येतो. चावी बंद करून हेच दोन-तीनदा करा आणि मग सेल मारा. गाडी लगेच पेटली, तर रात्रभरात पाइपमधला दाब उतरतो आहे. पंपातला परतीचा व्हॉल्व्ह धरत नाही किंवा कुठेतरी गळती आहे. सोबत वास असेल तर गळतीचा संशय आधी घ्यावा.

याने फरक पडला नाही, पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारल्यावर गाडी पेटली, तर उलटे प्रकरण आहे. पेट्रोल कमी पडत नसून जास्त झाले आहे. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत पेडल तळाला टेकवून सेल मारला की संगणक इंजेक्टर बंद ठेवतो, त्यामुळे साचलेले पेट्रोल उडून जायला हवा मिळते. म्हणजे इंजेक्टर ठिबकतो आहे किंवा संगणकाला चुकीची माहिती मिळते आहे. ही चुकीची माहिती बहुधा कूलंटच्या तापमानाचा सेन्सर देतो. इंजिन बर्फासारखे थंड आहे असे त्याने कळवले की संगणक नागपूरच्या मेमध्येही पेट्रोल ओतत राहतो. काही गाड्यांत अशा वेळी रेडिएटरचा पंखा विनाकारण सतत फिरतो, ती खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जुन्या इंजेक्शन गाड्यांत प्रेशर रेग्युलेटर इंजिनावरच, इंजेक्टरच्या नळीला जोडलेला असतो. त्याला येणारा बारीक व्हॅक्यूम पाइप काढून पाहा. आत पेट्रोल किंवा त्याचा उग्र वास असेल तर पडदा फाटला आहे. एका छोट्या भागाने सुरू न होणे, वास आणि अ‍ॅव्हरेज घसरणे या तिन्ही तक्रारी एकदम सुटतात. हे तपासण्याआधी इंजेक्टर सफाईचे बिल कोणी पुढे केले तर नकार द्यायला हरकत नाही.

‘राउंड फिगर करा’ याचा काय संबंध?

पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही रक्कम पूर्ण करण्यासाठी थोडे थोडे पेट्रोल घातले जाते. टाकीच्या वाफा कोळशाच्या डबीत, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये, शोषल्या जातात आणि गाडी चालताना इंजिनात ओढल्या जातात. ती डबी वाफेसाठी आहे, द्रव पेट्रोलसाठी नाही. ती भिजली की वास येतो. आणि तिचा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला तर एक नेमकी खूण दिसते : एरवी ठीक असलेली गाडी पेट्रोल भरल्यानंतरच सुरू व्हायला त्रास देते.

हे कागदी उदाहरण नाही. एप्रिल २०१४ मध्ये मारुती सुझुकीने डिझायर, स्विफ्ट आणि एर्टिगा मिळून १,०३,३११ गाड्या इंधन भरण्याची नळी बदलण्यासाठी परत बोलावल्या होत्या. या गाड्या १२ नोव्हेंबर २०१३ ते ४ फेब्रुवारी २०१४ या काळात तयार झालेल्या होत्या. ऑटो कट-ऑफनंतरही इंधन भरल्यास वास येऊ शकतो आणि क्वचित गळती होऊ शकते, असे कारण दिले गेले होते. त्याआधी फेब्रुवारी २०१० मध्ये ए-स्टारच्या सुमारे एक लाख गाड्या पंपाच्या गॅस्केटसाठी परत बोलावल्या गेल्या. त्या आज सोळा-सतरा वर्षांच्या आहेत आणि अनेक तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे असतील. जुनी गाडी घेताना चॅसी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून किंवा सर्व्हिस सेंटरला विचारून असे काम बाकी आहे का, हे पाहावे. सक्तीच्या रिकॉलचा नियम एप्रिल २०२१ पासून आला, तोही सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांपुरता. ज्या वयात रबर खरोखर हार मानते, त्या वयात हा नियम साथ सोडतो. ही त्रुटी आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी.

ई-२० पेट्रोलच दोषी आहे का?

नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी इथेनॉलचे ठाम समर्थक असल्याने शहरात या विषयावर मते टोकाची आहेत. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते किंवा कडक करते, हे खरे. त्याच्या वाफेला जास्त उष्णता लागते, त्यामुळे थंडीत सुरुवात जड जाते, हेही खरे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींची इंधन कार्यक्षमता ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, ते स्वस्त आणि सोपे काम आहे, असे म्हटले. काम स्वस्त आहे हे मान्य. पण गाडीमालकाला हे सांगणार कोण? पंपावर तशी पाटी नाही आणि जुन्या गाडीला सर्व्हिस सेंटरचे तोंड दिसत नाही. दुसरीकडे, अठरा वर्षांचा पाइप तडकला की सगळा दोष ई-२० वर ढकलणेही बरोबर नाही. तो आज ना उद्या तडकणारच होता, इथेनॉलने तारीख अलीकडे आणली एवढेच.

पीयूसीची पावती फेकू नका

त्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे प्रत्यक्ष आकडे छापलेले असतात. बीएस-४ पेट्रोल कारसाठी मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. मागच्या दोन-तीन पावत्या शेजारी ठेवा. कार्बन मोनॉक्साइड वाढत गेला असेल तर इंजिन जास्त पेट्रोल पीत आहे. हायड्रोकार्बन एकदम उडाला असेल तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही दोष झाकतो, म्हणून चांगले आकडे म्हणजे गाडी निरोगी, असे नाही. शिवाय ही चाचणी सायलेन्सरपुरती आहे. टाकीजवळ टपकणारे पेट्रोल तिला दिसत नाही.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून खासगी कारसाठी पाच हजार रुपये, तर वीस वर्षांवरील कारसाठी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये आहे. पर्यावरण कर वेगळा. एवढे भरून गाडी ठेवायची असेल तर टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पाइप एकदाच बदलून घेणे त्यामानाने किरकोळ आहे. दुकानात ‘पेट्रोल पाइप’ एवढेच म्हटले तर साधा पाइप मीटरवर कापून हातात येतो. इंजेक्शनच्या गाडीत सुमारे ३ बार दाब असतो, त्यामुळे इंजेक्शनचाच, इथेनॉल चालणारा पाइप आणि नव्या क्लिपा मागा. काम झाल्यावर इंजिन पाच मिनिटे चालवा, बंद करा, प्रत्येक जोडावरून कोरडा पांढरा कागद फिरवा आणि रात्रभर गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवा. सकाळी पुठ्ठा पाहिल्याशिवाय मिस्त्रीचे पूर्ण पैसे देऊ नका.